तिकिटावरचा पोरगा

२९ जून २००५ रोजी मेक्सिकोच्या टपाल खात्याने पाच तिकिटांचा एक संच विक्रीला काढला. तिकीट साडेसहा पेसोंचे, छपाई साडेसात लाखांची. देशातल्या व्यंगचित्रकलेचा गौरव म्हणून निघालेल्या या संचावर एकच नायक होता: मेमिन पिंगीन, तीन पिढ्यांनी वाचलेल्या चित्रकथेतला काळा पोरगा. जाड ओठ, बटबटीत डोळे, कानांच्या पाळ्या बाहेर आलेल्या. संच बाहेर पडताच उत्तरेच्या सीमेपलीकडून ओरड सुरू झाली. जेसी जॅक्सन आणि अल शार्प्टन या अमेरिकेतल्या काळ्या नेत्यांनी तिकिटे मागे घ्या, माफी मागा, अशी मागणी केली. अशी चित्रे आजच्या जगात शोभत नाहीत, असे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यानेही सुनावले. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री लुईस एर्नेस्तो देर्बेस यांनी उलट टोला दिला की, अमेरिकेला आमची संस्कृतीच कळलेली नाही. तुमच्या कार्टूनमधल्या स्पीडी गोन्झालेस या मेक्सिकन उंदराला आम्ही कधी वंशद्वेषी म्हटले का, असा सवालही मेक्सिकोच्या बाजूने आला. अध्यक्ष व्हिसेंते फॉक्स यांनी आपल्याला मेमिन आवडतो असे सांगून तिकिटे मागे घ्यायला साफ नकार दिला. इकडे टपाल कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. काही दिवसांत संच संपला आणि लोक तोच चढ्या भावाने विकू लागले. ज्यांनी आयुष्यात पत्राला तिकीट डकवले नसेल, अशांनीही तो देशाभिमानाने विकत घेतला.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी दोन शेजाऱ्यांचे भांडण म्हणून सांगितला जातो. एकीकडे स्वतःच्या वर्णद्वेषी इतिहासाने हळवी झालेली अमेरिका, दुसरीकडे आपल्या लाडक्या पात्रावर बोट ठेवले म्हणून दुखावलेला मेक्सिको. भांडण खरे होते, पण त्या दोघांच्या आवाजात तिसऱ्या पक्षाचा आवाज बुडाला. मेक्सिकोत स्वतःचे काळे नागरिक होते आणि आहेत, आणि २००५ साली त्या देशाच्या सरकारकडे त्यांची साधी गणतीसुद्धा नव्हती. माझे म्हणणे असे की, तिकिटावरचे चित्र वाईट होते हा मुद्दा खरा, पण अर्धा आहे. ज्या राज्यसंस्थेने पावणेदोनशे वर्षे आपल्या कागदांत काळ्या माणसासाठी रकाना ठेवला नाही, तिने अखेर त्याला ओळख दिली ती व्यंगचित्राच्या रूपाने. खरी चूक तिथे झाली, आणि ती टपाल खात्यातल्या कोणा एका अधिकाऱ्याची नव्हती.

आधी चित्राकडेच नीट पाहू. मेमिनचा जन्म १९४०च्या दशकातला. योलांदा वार्गास दुल्चे ही तरुण लेखिका ‘पेपिन’ या स्वस्त, प्रचंड खपाच्या चित्रकथा-नियतकालिकासाठी लिहीत असे. क्यूबात पाहिलेल्या काळ्या मुलांवरून तिला हे पात्र सुचले. नाव मात्र घरचे: तिच्या भावी नवऱ्याला ‘मेमो’ म्हणत, आणि ‘पिंगो’ म्हणजे खोडकर पोर. पुढे १९६०च्या दशकात चित्रकार सिक्स्तो व्हालेन्सिया यांनी मेमिनला जे रूप दिले तेच लोकांच्या डोळ्यांत बसले आणि तेच तिकिटावर आले. मेमिन गरीब, बिनबापाचा. वर्तमानपत्रे विकतो, बूटपॉलिश करतो, शाळेत मागे आणि खोड्यांत पुढे. त्याची आई एउफ्रोसिना लोकांचे कपडे धुते, डोक्याला फडके बांधते, अंगाने गोल आणि मायेने अफाट. पण पोरगा चुकला की तिच्या हातात खिळा ठोकलेली फळी येते आणि त्याच्या ढुंगणावर बसते. त्याचे तीन जिवलग मित्र आहेत, कार्लांगास, एर्नेस्तियो आणि रिकार्दो. त्यांत एक सुताराचा मुलगा, एक बड्या घरचा. आता कोणताही अंक उघडून या चौघांना एका चौकटीत पाहा. तिघा मित्रांचे चेहरे प्रमाणबद्ध आहेत. नाक नाकाएवढे, ओठ ओठांएवढे. त्यांच्या आयासुद्धा सिनेमातल्या नायिकांसारख्या रेखीव. विद्रूप केलेले चेहरे दोनच, मेमिनचा आणि त्याच्या आईचा. जणू दोन वेगळ्या चित्रकारांनी एकाच कागदावर काम केले आहे.

‘व्यंगचित्रात सगळ्यांनाच वाकडे काढतात, त्यात जातीचा काय संबंध?’ या युक्तिवादाचा निकाल त्या एका चौकटीत लागतो. सगळ्यांना वाकडे काढले असते तर प्रश्नच नव्हता. इथे माणूस आणि व्यंग यांची वाटणी रंगावरून झाली आहे. शिवाय तो वाकडेपणाही कलावंताचा स्वतःचा शोध नव्हे. फडके बांधलेली जाडजूड काळी बाई आणि माकडचाळे करणारा जाड ओठांचा पोरगा ही जोडी अमेरिकेच्या जाहिरातींत, काळा रंग फासून केल्या जाणाऱ्या नाटकांत आणि कार्टूनपटांत कधीच तयार होती. मेक्सिकोने ती आयात केली. ‘आमची संस्कृती तुम्हाला कळत नाही’ असे अमेरिकेला बजावताना देर्बेस ज्या चित्राची पाठराखण करत होते, त्याच्या रेषा अमेरिकेतूनच आलेल्या होत्या. ही त्या वादातली सर्वांत गमतीची गोष्ट, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंपैकी कोणाचेच फारसे लक्ष गेले नाही.

कथेच्या बाजूने मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मेमिनचे कथानक क्रूर नाही. तो निष्ठावान आहे, मित्रांसाठी जीव टाकतो, आणि वाचकाचे प्रेम त्याच्याच वाट्याला येते. एका प्रसिद्ध भागात हे मित्र टेक्सासला जातात. तिथे काळ्यांना आम्ही देत नाही म्हणून दुकानदार मेमिनला नाकारतो, आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी भिडतात. मेमिनचे समर्थक हा भाग पुन्हा पुन्हा पुढे करतात, आणि तो करण्याजोगाच आहे. पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. मेमिनला वर्णद्वेष भेटतो तो टेक्सासात. मायदेशी त्याच्या रंगावरून, ओठांवरून, डोक्यावरून जे काही बोलले जाते ते द्वेष नसून थट्टा असते, आणि तीही लाडाची. वर्णद्वेष हे परदेशातले पाप, आपल्याकडे फक्त विनोद: ही वाटणी त्या चित्रकथेने लाखो घरांत शिकवली, आणि २००५ साली सरकारने जवळपास तीच वाटणी परराष्ट्र धोरण म्हणून मांडली.

तरीही चित्रकथा ही चित्रकथा. ती विकत घ्यावी, न घ्यावी, वाचून फेकून द्यावी. लेखिका स्वतःच्या नावाने लिहिते आणि प्रकाशक स्वतःच्या पैशाने छापतो. तिकिटाचे तसे नाही. पत्रावर तिकीट लागते तेव्हा ते कोणाची आवडनिवड सांगत नाही, देशाची सही सांगते. मेक्सिकोला हे फार लवकर कळलेले होते. त्या देशाचे पहिले टपाल तिकीट १८५६ सालचे, म्हणजे आपल्याकडच्या ‘सिंध डाक’ तिकिटांनंतर चारच वर्षांनी. इंग्लंडने तिकिटावर राणी छापली. मेक्सिकोपाशी छापायला राणी नव्हती, म्हणून त्याने एक बंडखोर पाद्री छापला. मिगेल इदाल्गो. १८१० साली त्याने स्पेनविरुद्ध उठाव पुकारला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्वादालाहारा शहरातून गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या टपाल खात्याने आपल्या पहिल्या तिकिटावर गुलाम मुक्त करणारा माणूस छापला, त्यानेच दीडशे वर्षांनी त्या गुलामांच्या वंशजांचे प्रतीक म्हणून मेमिनला छापले. या दोन तिकिटांच्या मधल्या काळात काय घडले, हे पाहिल्याशिवाय २००५चा वाद उलगडत नाही.

मेक्सिकोत आफ्रिकी माणूस पाहुणा म्हणून आलेला नाही. स्पॅनिश अमलात दोन लाखांवर आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून या भूमीवर उतरवली गेली, मुख्यतः व्हेराक्रूझ बंदरात. युरोपातून आलेल्या साथींनी मूळ रहिवासी भराभर मरत होते. उसाचे मळे, चांदीच्या खाणी, गुरांचे वाडे आणि शहरातली घरकामे यांना हात हवे होते. मानववंशशास्त्रज्ञ गोन्सालो आगिर्रे बेल्त्रान यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुन्या दप्तरांतून आकडे काढले, तेव्हा वाचणारे चकित झाले. १५७०च्या सुमारास वसाहतीत युरोपियनांपेक्षा आफ्रिकी माणसे कितीतरी जास्त होती. १६४६पर्यंत आफ्रिकेत जन्मलेले सुमारे ३५ हजार, आणि आफ्रिकी रक्ताचे मिश्र वंशज १ लाख १६ हजारांवर. त्यांतले काही पळून डोंगरात गेले. व्हेराक्रूझजवळच्या डोंगरांत यांगा नावाच्या म्होरक्याने पळालेल्या गुलामांची वसाहत उभारली. १६०९ साली तिच्यावर फौज धाडावी लागली, आणि शेवटी सरकारला त्यांच्याशी तह करून त्यांचे गाव मान्य करावे लागले. १९३२ पासून त्या गावाचे नावच यांगा आहे. यांगाच्या बंडाच्याच वर्षांत इकडे दख्खनेत मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकत होता. तोही आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला. दोघांची तुलना याहून पुढे ओढता येणार नाही. पण मराठी वाचकाला मलिक अंबर हबशी होता हे शाळेपासून ठाऊक असते, आणि मेक्सिकोतल्या बहुसंख्यांना यांगा कोण होता हे ठाऊक नव्हते, एवढा फरक नोंदवण्याजोगा आहे.

मग ही सगळी माणसे गेली कुठे? नेहमीचे उत्तर असे की, ती मिसळून गेली. हे उत्तर खोटे नाही, पण ते सांगताना एक पायरी गाळली जाते. स्पॅनिश राजवटीत चर्चच्या दप्तरांत बाप्तिस्म्याच्या वेळी जात लिहिली जाई: स्पॅनिश, इंडियन (म्हणजे मूळ रहिवासी), मुलातो आणि पार्दो (दोन्ही आफ्रिकी मिश्र वंशाचे) आणि असे पुष्कळ काही. त्यावरून कर ठरे, धंदा ठरे, कोणते कपडे घालता येतील हेही ठरे. स्वातंत्र्ययुद्धाचा एक मोठा राग या वर्गवारीवर होता. १८१३ साली त्या युद्धाचा एक नेता होसे मारिया मोरेलोस याने नव्या राष्ट्राची तत्त्वे मांडली, त्यांत गुलामगिरी कायमची बंद आणि जातींचा भेदही बंद, अशी स्पष्ट मागणी केली. स्वातंत्र्यानंतर १७ सप्टेंबर १८२२ रोजी हुकूम निघाला की, सरकारी कागदांत आणि चर्चच्या दप्तरांत कोणाही नागरिकाचा वंश लिहायचा नाही. सात वर्षांनी, १५ सप्टेंबर १८२९ रोजी, अध्यक्ष व्हिसेंते गेरेरो यांनी देशभर गुलामगिरी रद्द केली. गेरेरो स्वतः खेचरे हाकणाऱ्या घरातले, आणि आफ्रिकी रक्ताचे. त्यांच्या रंगावरून राजधानीतले प्रतिष्ठित त्यांची टर उडवत. १८३१ साली प्रतिपक्षाने त्यांना ओआहाकात गोळ्या घातल्या. लिंकनच्या मुक्तिघोषणेच्या तीस वर्षांहून आधी शेजारच्या देशाचा अध्यक्ष आफ्रिकी वंशाचा होता आणि त्याने गुलामी संपवली होती. मेक्सिकोचा अभिमान अगदीच पोकळ नाही.

पण १८२२च्या त्या हुकमाकडे पुन्हा पाहू. हेतू निर्मळ होता, आणि त्या काळात धाडसीही होता. परिणाम मात्र उलटा झाला. नागरिकाचा वंश लिहायचा नाही म्हटल्यावर काळ्यांचा उल्लेखच कागदांतून पुसला गेला. लोकांच्या बोलण्यातून, लग्नाच्या सौद्यांतून आणि नोकरीच्या दारातून तो पुसला गेला नाही. पुढे शंभर वर्षांनी सरकारला वंश पुन्हा मोजावासा वाटला. १९२१च्या जनगणनेत रकाने होते: इंडियन, मिश्र, गोरा. काळ्यासाठी रकाना नव्हता. चारच वर्षांनी विचारवंत होसे वास्कोन्सेलोस यांचे ‘वैश्विक वंश’ हे पुस्तक आले आणि क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला त्याची विचारसरणी मिळाली: आपण मिश्र लोक, इंडियन आणि स्पॅनिश यांच्या संगमातून झालेले, आणि हे मिश्रणच आपले भविष्य. वास्कोन्सेलोस यांच्या लेखी काळा वंश त्या मिश्रणात हळूहळू विरून जाणार होता. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी आणि भित्तिचित्रांनी दोनच मुळांची कथा सांगितली. मोरेलोसचा चेहरा २००५ साली पन्नास पेसोंच्या नोटेवर होता, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याच्याही घराण्यात आफ्रिकी रक्त होते असे इतिहासकार मानतात, पण त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘स्पॅनिश’ लिहिले होते, आणि सरकारी इतिहासाने त्यापलीकडे फारसे विचारले नाही. मग सरकारने छापलेला, काळा म्हणून ओळखला जाणारा माणूस कोण उरला? मेमिन.

आता तिसऱ्या पक्षाकडे. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर, गेरेरो आणि ओआहाका या दोन राज्यांत पसरलेला कोस्ता चिका नावाचा पट्टा आहे. त्यातले एक राज्य त्याच काळ्या अध्यक्षाच्या नावाचे आहे. इथल्या गावांत आफ्रिकी वंशाचे लोक दाट वस्तीने राहतात, मासेमारी करतात, मका, तीळ, नारळ पिकवतात. मृतांच्या दिवसांत घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले मुखवटे घालून ते सैतानांचा नाच करतात आणि गाढवाच्या जबड्याचे हाड खरवडून ताल धरतात. आगिर्रे बेल्त्रान यांनी इथल्याच क्वाहिनिकुइलापा गावावर १९५८ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. एल सिरुएलो या गावात त्रिनिदादहून आलेला ग्लिन जेमॉट नावाचा एक काळा कॅथलिक पाद्री अनेक वर्षे होता. १९९७ साली त्याच्या पुढाकाराने तिथे काळ्या गावांचे पहिले संमेलन भरले आणि ‘मेक्सिको नेग्रो’ ही संघटना उभी राहिली. तिची मुख्य मागणी साधी होती: आम्हाला मोजा. २००५ साली तिकिटे निघाली तेव्हा या संघटनेने अध्यक्ष फॉक्स यांना पत्र लिहून ती मागे घेण्याची मागणी केली. या पत्राने परराष्ट्रमंत्र्यांच्या मुख्य युक्तिवादातली हवाच काढून घेतली. तक्रार फक्त परक्यांची नव्हती, ती घरातूनही आली होती. पण जॅक्सन आणि शार्प्टन यांच्या मथळ्यांपुढे ते पत्र बातमी म्हणून किरकोळ ठरले.

या किनाऱ्यावरच्या माणसांना चित्राचा त्रास कसा होतो, हे समजायला सिद्धांत लागत नाही. गाव सोडून उत्तरेकडे किंवा राजधानीकडे निघालेल्या काळ्या मेक्सिकनांना पोलीस आणि स्थलांतर अधिकारी बसमधून उतरवतात, मध्य अमेरिकेतून किंवा क्यूबातून चोरून आलास का विचारतात, आणि मेक्सिकन असशील तर राष्ट्रगीत म्हणून दाखव असे फर्मावतात. असे अनुभव कित्येकांनी सांगितले आहेत. ओळखपत्र दाखवूनही चेहरा पटत नाही, कारण मेक्सिकनाचा चेहरा काळा असतो हे अधिकाऱ्याला कोणी शिकवलेलेच नाही. त्याने पाहिलेला एकमेव काळा मेक्सिकन चित्रकथेतला. ‘गंमत आहे हो, मनावर कशाला घेता?’ हे वाक्य ज्याला रस्त्यावर राष्ट्रगीत म्हणावे लागत नाही त्यालाच सुचते.

समर्थकांमध्ये सर्वांत वजनदार आवाज इतिहासकार एनरिके क्राउझे यांचा होता, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. त्यांनी अमेरिकन वाचकांपुढे बाजू मांडली ती थोडक्यात अशी: मेक्सिकोत वर्णभेद आहे, पण तो अमेरिकेसारखा कायद्यात कोरलेला नव्हता, इथे मिश्रण झाले, गुलामी लवकर संपली, आणि मेमिन हे लोकांच्या प्रेमाचे पात्र आहे, तिरस्काराचे नाही. यातले पहिले तीन मुद्दे मला मान्य आहेत. चौथाही मान्य आहे, आणि नेमके म्हणूनच तो पुरेसा नाही. प्रेम आणि साचेबंद चित्र यांचे वैर नसते. घरातल्या नोकराच्या भाबडेपणावर खूश असणारा मालक त्याच्यावर प्रेम करतोच. त्याला पंक्तीला बसवत नाही, एवढेच. लोकांचे मेमिनवरचे प्रेम खरे होते म्हणूनच लोकांनी मेमिन वाचावा, त्याचे जुने अंक जपावेत, यात कोणाचे काही जात नाही. प्रश्न सरकारचा होता, आणि सरकारचे नागरिकांशी नाते प्रेमाचे नसते, हक्काचे असते. त्याच सरकारने २००३ साली भेदभावाला प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा केला होता. कायद्याला दोन वर्षे झाली आणि तिकीट निघाले, यावरून कायदा करणारे आणि तिकीट छापणारे एकमेकांशी बोलत नव्हते एवढे तरी कळते.

अमेरिकेच्या दांभिकपणाचा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो, कारण तो खराच आहे. ज्या देशात अनेक राज्यांच्या कायद्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत काळ्यांना वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या शाळेत बसवले, आणि जिथे फडके बांधलेल्या काळ्या बाईचे चित्र कित्येक दशके पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर विकले जात होते, त्या देशाच्या प्रवक्त्याने सभ्यतेचे धडे द्यावेत हे कोणालाही झोंबले असते. स्पीडी गोन्झालेसचा मुद्दाही पोकळ नव्हता. कार्टून नेटवर्कने तो उंदीर काही काळ बाजूला ठेवला होता, आणि अमेरिकेतल्या लॅटिन वंशीयांच्याच मागणीवरून २००२ साली परत आणला. पण इथे फरक पाहा. स्पीडीला परत आणा असे म्हणणारे स्पीडीचेच लोक होते. मेमिनच्या लोकांनी, कोस्ता चिकाच्या गावांनी, ‘काढा’ म्हटले होते. स्पीडीचा दाखला मेक्सिको सरकारच्याच अंगावर उलटतो. शिवाय मेक्सिको त्या आठवड्यांत निष्पाप प्रेक्षक नव्हता. जेमतेम सात आठवड्यांपूर्वी, १३ मे रोजी, पुएर्तो व्हायार्ता इथल्या भाषणात फॉक्स बोलून गेले होते की, अमेरिकेत काळेसुद्धा करायला तयार नसतात ती कामे मेक्सिकन माणसे करतात. त्यावर जॅक्सन यांना मेक्सिकोत येऊन अध्यक्षांना भेटावे लागले होते, आणि खेदाची भाषा झाली होती. ‘काळेसुद्धा’ या शब्दातला ‘सुद्धा’ ज्यांनी ऐकला होता, त्यांना तिकीट हा योगायोग वाटला नाही. मला तो योगायोगच वाटतो, कारण टपाल खात्याचा संच महिनाभरात ठरत नाही. पण योगायोगानेही जेव्हा एकच गोष्ट दोनदा बाहेर येते, तेव्हा ती आत असते.

राहिला इतिहास पुसण्याचा आक्षेप: मेमिन हा मेक्सिकन चित्रकथेचा एक मोठा टप्पा आहे, तो लपवायचा का? लपवू नये. पण दाखवणे आणि मिरवणे यांत अंतर आहे. नेदरलँड्सच्या राजघराण्याची सोन्याची बग्गी १८९८ सालची. तिच्या एका बाजूवर वसाहतींतली काळीसावळी माणसे गोऱ्या राणीरूपी देशापुढे नजराणे घेऊन वाकलेली रंगवली आहेत. त्यावर बरीच वर्षे वाद झाला. बग्गी कोणी जाळली नाही, चित्रही खरवडले नाही. ती आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात लोकांपुढे ठेवली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये राजाने जाहीर केले की, देश तयार होईपर्यंत ती रस्त्यावर काढणार नाही. काचेमागे ती बग्गी इतिहास सांगते, रस्त्यावर तीच बग्गी राज्य करते. मेमिनचे अंकही संग्रहालयात, अभ्यासात, दुकानातसुद्धा राहू शकतात. पत्राच्या कोपऱ्यावर, जिथे एकदा इदाल्गो होता, ती जागा वेगळी.

तिकिटे मागे घेतली गेली नाहीत. ती विकून संपली, म्हणजे सरकारपुरता वाद आपोआप मिटला. हा वाद वाया गेला असे म्हणणारे आहेत, आणि त्याने काळ्या मेक्सिकनांना पहिल्यांदा वर्तमानपत्रांत आणले असे म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्यांच्या बाजूचा, पण थोडा हात राखून. कारण कोस्ता चिकाची मागणी वादाच्या आठ वर्षे आधीपासून चालू होती आणि वादानंतरच्या २०१० सालच्या जनगणनेतही तिला जागा मिळाली नाही. पहिला प्रश्न विचारला गेला २०१५च्या मधल्या सर्वेक्षणात: तुमची संस्कृती, इतिहास आणि परंपरा पाहता तुम्ही स्वतःला काळे किंवा आफ्रिकी वंशाचे मानता का? १३ लाख ८० हजारांवर लोकांनी होय म्हटले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी घटनेच्या दुसऱ्या कलमात दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांना देशाच्या बहुसांस्कृतिक घडणीचा भाग म्हणून मान्यता मिळाली. २०२०च्या जनगणनेत आकडा गेला २५ लाख ७६ हजारांवर, लोकसंख्येच्या दोन टक्के. पाच वर्षांत एवढी मुले जन्मली नाहीत. माणसे तीच होती. प्रश्न आता पूर्ण जनगणनेत, घरोघरी विचारला गेला होता, आणि होय म्हणण्याची भीड थोडी कमी झाली होती.

घटनादुरुस्तीनंतर महिन्याच्या आत, सप्टेंबर २०१९ मध्ये, मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने दोनशे पेसोंची नवी नोट काढली. तिच्यावर दोघे शेजारी शेजारी आहेत: पहिल्या तिकिटावरचा इदाल्गो, आणि डोक्याला रुमाल बांधलेला मोरेलोस. रुमाल डोकेदुखीसाठी होता असे पुस्तके सांगतात. कुरळे केस झाकायला होता असेही काही लोक म्हणतात. नोटेवर यातले काहीच लिहिलेले नाही.